चंदेरी की काळा

१२ जुलै, शनिवार

ॲडमिशन मिळाली! प्रॉडक्ट डिझाइन, आकुर्डी. यादीत माझं नाव खालून तिसरं, पण आहे! दीक्षाचं वरून चौथं. हे ती मला चार वर्षं ऐकवणार.

आई सेकंड शिफ्टला निघाली होती. बूट घालता घालता म्हणाली, "लॅपटॉप मी घेणार. चांगला घेणार. कुठला ते फक्त सांग." आणि चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसकडे पळाली. पेढा माझ्या हातातच राहिला.

संध्याकाळी बाबांचा फोन. "ऋतू, अभिनंदन! लॅपटॉप माझ्याकडून. सगळ्यात हलका, सगळ्यात भारी. पैशांचा विचार करायचा नाही." आणि मी म्हणाले — हो. तोंडातून हो निघून गेलं!

म्हणजे आता दोघांनाही हो म्हणून बसलेय. शाब्बास ऋता.

बाबा घर सोडून गेले तेव्हा मी पाचवीत होते. आता ते प्राधिकरणात राहतात. दुसरं लग्न झालं, शार्दूल नावाचा मुलगा आहे. ऑफिस मात्र तळवड्याच्या आयटी पार्कात, आमच्या रुपीनगरच्या घरापासून चालत जाण्याएवढं. ते कधी इकडे आले नाहीत, आईने कधी बोलावलं नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि बाबांची कुठलीही वस्तू या घरात राहत नाही, हा आईचा नियम. दहावीला त्यांनी सायकल पाठवली होती. आईने टेम्पोवाल्याला थांबवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि सायकल परत टेम्पोत चढवायला लावली. मला तिची घंटीसुद्धा वाजवता आली नाही.

लॅपटॉपला चाकं नसतात, पण परत तसाच जाईल.

१३ जुलै, रविवार

बाबांनी फोटो पाठवला — चंदेरी, पातळ, त्यांच्याकडे आहे तोच. आईने पतपेढीतली माहिती आणली. तिच्या कंपनीची पतपेढी दरवर्षी कॉलेजच्या पोरांसाठी स्कीम काढते. डीलर ठरलेला, हप्ता पगारातून. आईने त्यातला सगळ्यात वरचा धरलाय. काळा. तोही पातळ, तोही हलका. "खालचे मी बघितलेच नाहीत," म्हणाली. पतपेढीतल्या क्लार्कलाही म्हणे सांगून आली, माझी पोरगी डिझाइनला आहे!

कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही. लिहिली की वही जाहिरातीसारखी दिसते. एक चंदेरी, एक काळा, बास.

आणि ठरलं! निवड गुणांवर होणार, माणसांवर नाही. वजन, बॅटरी, स्क्रीन, कीबोर्ड, टिकाऊपणा. जो जिंकेल तो घ्यायचा, दुसऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं. यात भावनांचा काही संबंध नाही.

१६ जुलै, बुधवार

वजनाचा प्रयोग केला. सॅकमध्ये तूरडाळीचं किलोचं पाकीट आणि वर पाव किलो साखर — हा चंदेरी. त्यात साबणाची एक वडी वाढवली — हा काळा. सोबत ड्रॉइंगची नळी, डबा, पाण्याची बाटली. घरापासून बसस्टॉपपर्यंत दोन्हींच्या फेऱ्या. कॉलेजात मॉडेल बनवायचं सामानही पाठीवरच न्यायचंय, तेव्हा वजनाची चेष्टा नाही.

काळ्याच्या फेरीत खांद्याला फरक कळला. किंवा फरक कळायचा असं ठरवूनच मी निघाले होते म्हणून कळला.

खालच्या काकू म्हणाल्या, "डाळ घेऊन कुठं निघालीस गं? दळायची का?" काय सांगणार! म्हटलं, हो, फिरवून आणतेय.

रात्री बघते तर साखर फुटलेली. सॅकमध्ये मुंग्यांची रांग.

१९ जुलै, शनिवार

दीक्षाला घेऊन चिंचवडच्या दुकानात गेले. काचेच्या टेबलावर दोघं शेजारी शेजारी ठेवलेले.

आधी काळा. चांगला आहे. खरंच चांगला आहे. कीबोर्ड तर इतका सुरेख की बोटं आपोआप पळतात.

मग चंदेरी उचलला आणि — गेले मी कामातून. एका बोटाने झाकण उघडतं. स्क्रीनवर डाळिंबाचा फोटो होता, दाण्यादाण्यात उजेड. हातात घेतला तर वाटलं, हा माझाच आहे, इथे नुसता ठेवायला दिला होता.

दीक्षा थोरल्या भावाचा जुना नेणार आहे. देहूरोडहून रोज आकुर्डीला, तो भला मोठा घेऊन. "तो लॅपटॉप नाही, पाटा आहे. वरवंटा तू आण, चटणी वाटू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन-दोन लॅपटॉप चालून आलेत म्हणून तोंड पाडून बसणारी अख्ख्या पिंपरी-चिंचवडात तू एकटीच असशील." लागलं मला. पण खरं आहे.

दुकानातली मोनिका नावाची मुलगी सारखी मागे. "पप्पांना घेऊन या ना मॅडम, फायनल करून टाकू." मी एकदम भडकले. "का? आईला आणलं तर विकत नाही का तुम्ही?" बिचारी दचकून मागे सरकली. दीक्षाने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

२० जुलै, रविवार

गुण दिले. चंदेरी जिंकला.

पुन्हा दिले. पुन्हा चंदेरी.

मग टिकाऊपणाला दुप्पट गुण ठेवले — बरोबरी! मग "दुरुस्ती चाकणमध्येसुद्धा होते" असा नवा रकाना काढून काळ्याला ग्रेस मार्क दिले. काळा एका गुणाने पुढे. बोर्डाने माझं गणित असं तपासलं असतं तर मी राज्यात पहिली आले असते.

हे काही खरं नाही.

२३ जुलै, बुधवार

आईची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून संध्याकाळी तिला त्याच दुकानात नेलं. आई कंपनीच्या निळ्या शर्टातच आली. ती क्वालिटीत आहे. बाहेरून आलेला माल तपासून घेणं हे तिचं काम, आणि ही सवय तिला दुकानात, लग्नात, मंडईत कुठेच सोडत नाही. मागे एकदा एका लग्नात तिने आहेराच्या ताटाला बाक आहे म्हणून ते बदलून आणायला लावलं होतं!

मोनिकाने मला ओळखलं आणि एक पाऊल मागेच उभी राहिली.

आईने चंदेरी हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. उलटा केला. स्क्रू बघितले. झाकण उघड-मीट, उघड-मीट, उघड-मीट. मोनिकाचा जीव वर-खाली.

"फिनिश चांगलंय," आई म्हणाली. "पण लई हलका. रिकामा डबा वाटतोय. मटेरियल मारलंय यांनी."

"आई, हलका आहे म्हणूनच महाग आहे."

"असं कुठं असतं का! आमच्याकडे पार्ट हलका आला की आम्ही लॉटच रिजेक्ट करतो."

मी खूप समजावलं. धातू वेगळा असतो, बॅटरी पसरट असते, वगैरे. तिने ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "तरी मटेरियल मारलंयच." आईपुढे विज्ञान हरतं.

काळ्यालाही तसंच तपासलं. मग मला विचारलं, "तुला यातला कुठला आवडला? खरं सांग. पतपेढीत नसला तरी बघू काहीतरी."

मी म्हणाले, "काळा." इतक्या पटकन म्हणाले की आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

२६ जुलै, शनिवार

बाबा भेटले. आकुर्डीला, कॉफीच्या दुकानात. अर्धा तास उशिरा आले. आले तेही फोनवर बोलतच. ते नेहमीचंच, मी हल्ली वाट बघताना वाचायला काहीतरी घेऊनच जाते.

त्यांनी स्वतःचा चंदेरी आणला होता. माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "चालव." मी चालवला. एक खुर्ची काढायला घेतली, थ्रीडीत. हवी तशी फिरते, कुठे अडत नाही! बाबा शेजारी सरकून बघत होते. फोन वाजला तर त्यांनी उलटा करून ठेवला. असं त्यांनी कधी केलेलं मला आठवत नाही.

"पाचही खुर्च्यांचे पाय तूच काढलेस?" असं काहीतरी वेड्यासारखं विचारलं. खुर्ची एकच होती, पायही चारच. पण मला हसू आलं, त्यांनाही आलं.

मग मी म्हणाले, "आईपण घेतेय." ते कॉफीत साखर नसताना ढवळत बसले. म्हणाले, "तिने सगळंच केलंय. मला एवढं तरी करू दे."

निघताना त्यांनी माझी सॅक उचलून बघितली. "जड आहे गं." आत फक्त छत्री आणि पुस्तक होतं.

२७ जुलै, रविवार

खरं लिहिते. इथेही खोटं लिहायचं तर वही कशाला!

मला चंदेरी हवा आहे. तो चांगला आहे म्हणून अर्धा, आणि बाबांचा आहे म्हणून अर्धा. त्यांचं काहीतरी रोज माझ्या पाठीवर असावं असं वाटतं. यात आईचं काय कमी होतं? काहीच नाही. पण आईला ते दिसेल. रोज जेवणाच्या टेबलावर दिसेल. आणि माझ्यासाठी ती ते चालवून घेईल की सायकलसारखं परत चढवेल, ते मला माहीत नाही. आणि चालवून घेतलं तर ते जास्त वाईट.

२९ जुलै, मंगळवार

कस्तुरामावशीचा फोन आला. आईच्या लाइनवर आहे ती, खेडकडची. आई अंघोळीला गेली होती म्हणून मीच उचलला.

"ऋता, आगं तुझ्या आयनं कंपनीत नुसता उच्छाद मांडलाय बघ! दिसंल त्या इंजिनेराला इचारती, रॅम किती पायजे, एसेसडी म्हंजी काय. काल तर मॅनेजरला गाठलं जिन्यात. मॅनेजरलाबी ठावं न्हाई! त्यो म्हनला, पद्माताई, उद्या सांगतो. आन आज खरंच कागदावर लिहून घेऊन आला!"

मी हसून हसून दमले. आणि मग एकदम रडूच आलं. असंच.

रात्री जेवताना आईने मोठ्या ऐटीत सांगितलं, "काळ्याची रॅम पुढं वाढवता येत नाही, तेव्हा आत्ताच जास्तीची घेऊ." बरोबर होतं.

ठरलं. काळा. आता ठरलं म्हणजे ठरलं. गुणांचा तक्ता फाडला.

३० जुलै, बुधवार

आईने पतपेढीत बुक केला. "पंधरवडा लागेल, घरपोच आहे," म्हणाली. येताना वडापाव आणले, चार. दोघींत चार!

३१ जुलै, गुरुवार

बाबांना फोन केला. आधी वाक्यं पाठ केली होती. सगळी विसरले.

"बाबा, मी आईचा घेणार. तुमचा नको."

ते खुर्ची सरकवून उठल्याचा आवाज आला.

"ऋतू, मी काल ऑर्डर केला. म्हटलं, तू विचार करत बसशील."

हे बाबांचं नेहमीचं. विचारायचं, आणि उत्तर यायच्या आत करून टाकायचं! मी चिडले. म्हटलं, थांबवा. म्हणाले, निघालाय, अडवता येत नाही, पण आठ दिवसांत परत करता येतो, वापरलेला नसला तर.

"पत्ता कुठला दिलात?"

"रुपीनगरचा."

"घरचा? का?"

"तू तिथंच राहतेस ना," म्हणाले.

मी परत पाठवणार असं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. तू म्हणशील तसं." रागावले असते तर बरं झालं असतं. मलाही ओरडता आलं असतं.

२ ऑगस्ट, शनिवार

बेत असा. पार्सल गुरुवारी येणार. पुढच्या आठवड्यात आईची थर्ड शिफ्ट, म्हणजे दिवसा ती झोपलेली. बेल वाजायच्या आत मी दारात. खोकं घ्यायचं, कपाटावर टाकायचं, दुसऱ्या दिवशी न उघडता परत. आईला कळणारसुद्धा नाही.

दीक्षा म्हणाली, "आणि नीट बघ, मनात आलं म्हणून सील फोडू नकोस."

फोडणार नाही. मी काय लहान आहे?

५ ऑगस्ट, मंगळवार

बेत पार फसला.

आज कॉलेजात नव्या मुलांना बोलावलं होतं. इमारत दाखवली, वर्कशॉप दाखवलं, लाकडाचा वास छान होता. दुपारी घरी आले. दार उघडलं तर उदबत्तीचा वास. म्हटलं, आज काय?

समोर पाट. पाटावर लाल कापड. त्यावर — चंदेरी!

झाकणाच्या बरोबर मधोमध कुंकवाचं मोठं स्वस्तिक. चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं. अक्षता, झेंडूचं फूल. शेजारी फोडलेला नारळ, खोबऱ्याच्या वाटीत साखर. खोकं भिंतीला उभं करून ठेवलेलं, रिकामं.

आई कंपनीच्या शर्टातच होती. रात्रभर जागलेले डोळे, केस विस्कटलेले, चेहरा मात्र दिवाळीचा. "ये! आधी पाय धुऊन ये. आला बघ तुझा. पतपेढीवाले पंधरवडा बोलले होते, आठवड्यातच पाठवला."

"आई... हा चंदेरी आहे."

"मग असू दे की. काळा संपला असेल. ते करतात असं. कस्तुराने लाल फ्रिज सांगितला होता, निळा आला."

"तू उघडून पूजा केलीस?"

"पूजेशिवाय मशीनचं बटण दाबतात का कुठं! आमच्याकडे साहेबसुद्धा दाबत नाही. बटण तुझ्या हातानं दाबायचं म्हणून थांबलेय. झोपलेसुद्धा नाही."

मी उभीच. दोन रस्ते होते. गप्प बसले असते तर चंदेरी माझा होता, आणि कुणाला काही कळलं नसतं. आठ-दहा दिवसांनी काळा येईपर्यंत तरी! पण आई त्या पाटासमोर इतकी खूश बसली होती... नाही जमलं. मी सांगून टाकलं.

"आई, हा पतपेढीचा नाही. बाबांनी पाठवलाय. मी नको म्हणाले होते. मी परत पाठवणार होते. तुला कळूच देणार नव्हते."

आई पुढे वाकली. झेंडूचं फूल घसरलं होतं ते परत नीट ठेवलं. मग म्हणाली, "मी झोपते जरा."

थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला कुठलं खोकं कुणाचं हे काय कळणार! माझीच चूक. गुरुवारचं पार्सल मंगळवारीच येईल असं वाटलं नव्हतं, तरी सकाळी सांगून जायला हवं होतं.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी कापसाने पुसून बघितलं. निघत नाही! कुंकू तेलात कालवलेलं. मशीनवर टिकावं म्हणून कंपनीत तेलातच कालवतात म्हणे. पुसून पुसून गुलाबी झालं, स्वस्तिक आहे तिथेच आहे. एक अक्षता बिजागरीत अडकलीय, ती टाचणीनेही निघेना. असा लॅपटॉप "न वापरलेला" म्हणून कोण परत घेणार?

आई उठल्यावर चहा घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "आई, मी बाबांनाच नेऊन देते. ते वापरतील."

"नाही," आई म्हणाली.

"का?"

"पूजा झालेली मशीन परत जात नाही." मग चहाचा घोट घेऊन, कपाकडे बघत सांगायला लागली. "आमच्याकडे एकदा दुसऱ्याच कंपनीची मशीन आली होती. ट्रकवाल्यानं चुकीच्या गेटवर उतरवली. आमच्या पोरांनी हार घातला, नारळ फोडला, आणि मग कळलं. मॅनेजर म्हणाला, परत पाठवा. एक माणूस हात लावायला तयार नाही! शेवटी त्या कंपनीला फोन करून ती ठेवून घेतली. अजून चालतीय. सगळ्यात कमी बंद पडते ती."

"पण आई, तुझा नियम..."

"मशीनचा नियम वेगळा." कप ठेवला. "पतपेढीतला माझा नंबर कस्तुराच्या पिंकीला देते. ती पण कॉलेजात चाललीय. तिला काळा शोभेल."

एवढं बोलून तिने शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि म्हणाली, "दाब आता बटण." मी दाबलं. स्क्रीन उजळली. आईने हात जोडले. मीही जोडले. काय करणार!

बाबांना "मिळाला. ठेवतेय. थँक्यू" असा मेसेज टाकला. त्यांचा फक्त अंगठा आला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मला हवा होता तोच मिळाला आणि मी चोरी केल्यासारखी बसलेय. आईच्या चुकीवर मिळाला. ती झोपेत नसती तर मिळाला नसता.

दीक्षाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "आमच्याकडे पूजा नसते बाई. माझ्या पाट्याला फक्त अँटिव्हायरस." मग गंभीर होऊन म्हणाली, "तू आता मिरवायचा तो. लपवलास ना, तर तुझ्या आईला वाटेल आपण चुकलो."

बरोबर आहे. लपवणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस! डाळ-साखरेचा अंदाज बरोबर निघाला, खांदा दुखला नाही. ड्रॉइंगची नळी मात्र बसमध्ये एका आजोबांच्या कानाला लागली. ते म्हणाले, "तोफ घेऊन निघालीस का?"

वर्गात चंदेरी बाहेर काढला. शेजारची मुलगी वाकून बघते — "हे स्टिकर भारी आहे! कुठं मिळतं?" मी म्हणाले, "चाकणमध्ये. ऑर्डर घेत नाहीत."

घरी आले तर आईने दारातच विचारलं, "चालतोय ना नीट?" हे ती रोज विचारते. मला कळतं का विचारते ते. चुकून केलेली गोष्ट सुधारता येत नाही म्हणून. उद्या बसून तिला नीट सांगणार आहे — आई, तुझं काही चुकलेलं नाही, मला हाच हवा होता. नक्की सांगणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नाही सांगितलं. आई भाजी निवडत होती, चेहरा छान होता. उद्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बाबांनी लॅपटॉपसाठी बॅग पाठवली. आई अजून कंपनीतून आली नव्हती. डिलिव्हरीवाला दारात उभा राहून म्हणाला, "ओटीपी सांगा." माझ्याकडे कुठला! तर म्हणे, ज्यांनी ऑर्डर केली त्यांच्याच फोनवर जातो, त्याशिवाय महागाचं सामान हातात देत नाही. बाबांना फोन लावला. त्यांनी आकडे सांगितले. मग म्हणाले, "लॅपटॉपच्या वेळी आईने केला होता फोन. तुला बोलली नाही?"

आईने! म्हणजे नारळ फोडायच्या आधी, कुंकू तेलात कालवायच्या आधी, तिला सगळं माहीत होतं.

मी विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला, मला आधी ओळखूच आला नाही. म्हणाली, ऋताची वस्तू आलीय, आकडे सांगा."